वाळा : नाव मुळाचे, काम मातीचे

उन्हाळा लागला की पिण्याच्या पाण्याच्या माठात वाळ्याची लहानशी जुडी सोडण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. हिंदी भाषेत या मुळांस ‘खस’ म्हणतात. परंतु नवी मुंबईतील शिरवणे गावापासून जवळच, तुर्भे येथे जो घाऊक मसाला बाजार आहे, तेथे कोणी ‘खसखस’ मागितली तर त्याच्या हाती अफूच्या बोंडातील बारीक बी पडेल. इंग्रजी पुस्तकांत मात्र ‘खसखस’ हे नाव पुष्कळदा वाळ्यासच दिलेले आढळते. वाळा कोणासही लावता येतो. अफूची लागवड परवान्यावाचून करणे हा गुन्हा आहे. नावातील एवढ्याशा घोटाळ्याने केवढा फरक पडतो हे यावरून दिसून येईल. म्हणून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी या वनस्पतीच्या नावांचा परिचय करून घेणे उपयुक्त आहे.

निरनिराळ्या भाषांतील नावे

‘खस’ हा शब्द फारसीतून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ वाळलेले गवत किंवा काडी असा होतो. मराठीतील ‘वाळा’ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘वालक’ या नावाशी जोडला जातो. ‘वाल’ म्हणजे केस. या गवताची मुळे केसांच्या बटेसारखीच बारीक व दाट असतात. ‘काळा वाळा’ या नावाने ओळखली जाणारी औषधी वनस्पती मात्र गवत नसून अगदी निराळ्या कुळातील आहे. संस्कृतात वाळ्यास ‘उशीर’ असेही नाव आहे. विलंब या अर्थाच्या मराठी शब्दाशी त्याची गल्लत करू नये. तमिळ भाषेत यास ‘वेट्टिवेर’ म्हणतात. ‘वेट्टु’ म्हणजे तोडणे व ‘वेर’ म्हणजे मूळ. हेच नाव पुढे फ्रेंच व इंग्रजी भाषांत ‘व्हेटिव्हर’ या रूपाने रूढ झाले. जावा बेटावरील लोक यास ‘आकार वांगी’, म्हणजे सुवासिक मूळ, असे म्हणतात.

या बहुतेक नावांत एक समान गोष्ट आहे. ती सर्व मुळाची नावे आहेत. जमिनीवर डोलणाऱ्या गवताकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. अमरकोशकाराने मात्र हा भेद स्पष्ट केला आहे. त्याच्या मते गवताचे नाव ‘वीरण’, तर त्याच्या मुळाचे नाव ‘उशीर’. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भेद मोठ्या महत्त्वाचा आहे.

मूळ विकावे की माती राखावी ?

वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात व अनुकूल जमिनीत तीन मीटर किंवा त्याहूनही खोल पोहोचतात. त्यामुळे समपातळी रेषेवर लावलेली वाळ्याची दाट ओळ वाहत्या पाण्याचा वेग मोडते व गाळ अडविते. कर्नाटकातील गुंडलूपेट भागातील शेतकरी शेताच्या बांधावर हे गवत फार पूर्वीपासून राखीत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी याच गुणाचा मृदसंधारणासाठी प्रसार केला.

परंतु अत्तरासाठी किंवा पडद्यांसाठी मुळे हवी असतील तर संपूर्ण ठोंब खणून काढावा लागतो. उतारावर असे खणले की मोकळी झालेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. हैती देशात डोंगरउतारांवर तेलासाठी मुळे खणल्याने जमिनीची अशीच धूप झाली आहे. सारांश, जी ओळ माती राखते तीच मुळे विकण्यासाठी उपटता येत नाही. ‘तोडलेले मूळ’ हे नाव बाजाराचे आहे. बांधावर ते लागू करू नये.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. बांधासाठी व विक्रीसाठी वाळा स्वतंत्र जागी लावावा. विक्रीचा वाळा सपाट जमिनीत घ्यावा; तेलासाठी त्याची मुळे साधारणतः १५ ते १८ महिन्यांनी काढतात.

२. उत्तर भारतातील रानटी वाळ्यास बी धरते व तो बियांपासून पसरू शकतो. दक्षिण भारतातील लागवडीच्या प्रकारास सहसा बी धरत नाही. बांधासाठी हा दुसरा प्रकार निवडावा.

३. पावसाळ्याच्या आरंभी ठोंब फोडून त्याचे फुटवे समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटिमीटर अंतराने लावावेत. मेलेल्या फुटव्यांच्या जागी लगेच नवे लावावेत. ओळीत खिंड राहिल्यास पाणी नेमके तेथूनच वाट काढते.

४. रोपे मागविताना केवळ ‘खस’ किंवा ‘वाळा’ एवढेच लिहू नये. ‘वाळा गवताचे फुटवे, बी न धरणारा प्रकार’ असे स्पष्ट लिहावे व मूळ चुरगाळून वास घेऊन खात्री करावी.

बांधावरील वाळ्याची पाने अधूनमधून कापून आच्छादनासाठी वापरण्यास हरकत नाही. त्याने ओळ अधिक दाट होते. मूळ मात्र जमिनीतच राहू द्यावे.