सही करण्याआधी

वेंगुर्ले, आषाढ वद्य

चि. बाबूस,

काल बाजारात तुझ्या सासरकडचं माणूस भेटलं. घराचे कागद गहाण ठेवून तू पर्ससीन जाळ्याची मोठी बोट घेतोयस आणि व्यापाऱ्याकडून आगाऊ उचलही ठरलीय, असं कळलं. वहिनीला फोन केला तर ती काही बोलेचना. तिच्या गप्प राहण्यानंच मला जास्त भीती वाटली. ते घर आजोबांनी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढून मिळालेल्या वाट्यातून उभं केलंय, हे मी तुला सांगायला नको. सही झाली आहे का, एवढं आधी कळव.

गेल्या ऑक्टोबरात तुला बांगडा लागला, त्याचा मलाही आनंद झाला. पण ‘आत्ये, समुद्र भरलाय’ म्हणालास, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. पावसाळी वाऱ्यानं किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यातल्या क्षारांवर प्लवक माजतं, प्लवकावर तारली-बांगडा पोसतो. आपल्यापेक्षा कारवारपासून खाली केरळपर्यंत याचा जोर जास्त. पण त्याच खालच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, आणि वरचं प्लवक मरून तळाशी कुजतं तेव्हा उरलासुरलाही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर तळाचं पाणी गुदमरतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते मोजून २००० साली जगापुढे मांडलं. अशा वेळी मासा वरच्या पातळ थरात आणि किनाऱ्याकडे सरकतो, जाळ्याला आयता सापडतो. जत्रेत देवळाच्या दारात रेटारेटी झाली म्हणून गावाची वस्ती वाढत नाही, बाबू. तुझा बांगडाही बहुधा असाच दाटीतला. पुढे थंडीच्या तोंडावर प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, कोंडलेलं पाणी सुटतं आणि मासा पांगतो. त्या एका महिन्याच्या भरवशावर तू घर पणाला लावणार?

२०१६ च्या सरकारी आदेशानं पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळतात. हप्ता मात्र बारा महिने. त्या चार महिन्यांतही समुद्र तुला जाऊ देईल याची खात्री नाही. २०१९ आठव. ऑक्टोबरात क्यार वादळ आलं, ते सरतं न सरतं तोच महा वादळ. ऐन बांगड्याच्या दिवसांत होड्या देवगडला आसऱ्याला उभ्या होत्या. अरबी समुद्र तापत चाललाय, अशी वादळं आता आपल्याला नवी राहिली नाहीत.

केरळचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २०१२ साली तिथे सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. ते बघून लोकांनी बोटी वाढवल्या, इंजिनं वाढवली. मग २०१५ च्या एल निनोत पाणी तापलं, त्यात पिल्लंही उपसली गेली, आणि २०२१ साली ३,३०० टनांच्या आसपास तारली मिळाली. तारलीचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. सलग दोन पावसाळे बिघडले की पिढी तुटते. पाणी सुधारलं की ती परतही येते, पण तोवर सावकार थांबत नाही.

मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइसचा नकाशा बघतोस, ते चांगलंच करतोस. उपग्रह पाण्याची उष्णता आणि हिरवा रंग टिपतो, त्यावरून मासा कुठे असण्याचा संभव आहे ते कळतं. किती सापडेल, हे तो नकाशा सांगत नाही. आणि उचलीचं म्हणशील, तर एकदा ती घेतलीस की भाव व्यापारी ठरवणार, तू फक्त मासा आणून टाकणार. शिवाय ती बोट पाण्यात उतरली की आपल्याच रापणकरांच्या वाट्याला काय उरेल, याचाही विचार कर. म्हणून पुन्हा विचारते, सही केलीस का?

फार बोलले का रे? रागावू नकोस. फयान वादळ आलं त्या रात्री, २००९ च्या नोव्हेंबरात, तुझे बाबा बाहेर होते आणि आम्ही सगळी बंदरावर उभी होतो. तू तेव्हा वहिनीच्या पदराला धरून होतास. तेव्हापासून ‘बाबू समुद्रावर गेलाय’ हे शब्द ऐकले की माझं जेवणात लक्ष लागत नाही. आजोबा पाण्यात हात घालून सांगायचे, आज रापण टाकायची की नाही. मी पोर होते, नंतर शिकायला बाहेर पडले, शाळेत लागले. त्यांना काय कळत होतं ते एकदाही त्यांच्याजवळ बसून विचारलं नाही. आता मी पुस्तकातलं सांगते, त्यांच्या हातातलं माझ्याकडे नाही. तुझ्या बाबांकडे थोडं आहे. ते असेपर्यंत विचारून घे. रोज पाण्याचा रंग, प्रवाहाची दिशा, मतलई वारा कधी पडला, काय लागलं, हे वहीत लिहीत जा. दोन-चार वर्षांची वही झाली की मोठ्या बोटीचं बघू, तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन.

होडीचं इंजिन जुनं झालंय, खर्चाला पैसा पुरत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या नावावर थोडी ठेव आहे. मला मूलबाळ नाही, ती कुणासाठी ठेवू? इंजिन त्यातून घे, व्याजाचं नाव काढू नकोस.

सही झाली नसेल तर करू नकोस. झाली असेल तरी लपवू नकोस, काही मार्ग काढू. मासेमारीची पावसाळी बंदी उठायच्या आत वहिनीला घेऊन ये.

तुझी,
आत्या