गोळीने पाय सुजले, बंद करू का?

प्रश्न : माझं वय ५८. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेत होते. डॉक्टरांनी ती १० मिलिग्रॅमची केल्यापासून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. रक्तदाब आता आटोक्यात आहे. गोळी बंद केली तर चालेल का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, रक्तदाब आटोक्यात आहे तो गोळीमुळेच. अॅम्लोडिपिन धमन्या सैल करतं. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि घोट्यांशी साचतं. मात्रा वाढली की हा त्रासही वाढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज फारशी उतरत नाही, तेव्हा त्या परस्पर घेऊ नका. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, टेल्मिसार्टनसारखं औषध जोडू शकतात किंवा गोळीच बदलू शकतात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून नोंदी सोबत न्या. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेत असाल, तर तेही सांगा. त्यांनी रक्तदाब आणि सूज दोन्ही वाढू शकतात. एकाच पायाला दुखरी सूज आली, चेहरा सुजला किंवा दम लागू लागला, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.