मुलांचे डोळे आणि वर्गाबाहेरचा तास

"डॉक्टरसाहेब, लेकराला फळ्यावरचं दिसंना गेलंय. आमच्या घरात कुणालाच चश्मा नाही, मग यालाच कसा लागला?" जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. सोबत आलेली आजी टीव्हीला दोष देते, आई मोबाईलला, आणि वडील गाजर व पपई किती खाऊ घालावी ते विचारतात. गाजर, पपई, हिरव्या पालेभाज्या जरूर द्याव्यात. त्यांतून अ जीवनसत्त्व मिळते व रातांधळेपणा टळतो. पण लांबचे अंधुक दिसणे हा आजार वेगळा आहे. त्याचा संबंध मुलाच्या ताटापेक्षा तो दिवसाचे किती तास छताखाली काढतो याच्याशी अधिक आहे. म्हणून आजच्या लेखात औषधाऐवजी शाळेविषयी लिहीत आहे. वाचकांनी, विशेषतः शिक्षक वाचकांनी, तो सवडीने वाचावा.

लांबचे अंधुक दिसण्याला आपण लघुदृष्टी म्हणतो. यात डोळ्याचे बुबुळ बिघडत नाही. डोळ्याचा गोळाच मागच्या बाजूस थोडा लांब वाढतो. त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडे पडते आणि मायनस नंबर लागतो. हा गोळा साधारण सहाव्या-सातव्या वर्षापासून पुढे आठ-दहा वर्षे वाढत असतो, म्हणजे नेमका शाळेच्या वयात. डोळ्यावर भरपूर उजेड पडला की आतल्या पडद्यातून डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ते या फाजील वाढीला लगाम घालते, असे आज मानले जाते. 'भरपूर उजेड' म्हणजे किती ते पाहा. उजेड मोजण्याचे माप लक्स हे आहे. ट्यूबलाईट लावलेल्या चांगल्या वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. वीज गेली आणि पावसाचा शिडकावा आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, की तो शंभरावर येतो. तेच मूल दाराबाहेरच्या लिंबाच्या सावलीत बसले तर त्याला काही हजार लक्स मिळतात, आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात. आपल्या डोळ्याला अंधारउजेडाची चटकन सवय होत असल्याने हा फरक जाणवत नाही इतकेच.

चीनमधील ग्वांगझू शहरात २०१० ते २०१३ या काळात एक मोठा प्रयोग झाला. १२ प्राथमिक शाळा निवडल्या. त्यांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर दिला. बाकीच्या सहा शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. तीन वर्षांनी तपासणी केली तेव्हा नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली होती, तर बाहेरचा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. फरक फार मोठा वाटणार नाही, पण औषध नाही, इंजेक्शन नाही, आणि शंभरातील नऊ मुलांचा चश्मा निदान लांबणीवर पडला. आपल्याकडे दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉक्टरांनी शाळकरी मुले तपासली, तेव्हा १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली. रोज दोन तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत तिचे प्रमाण कमी होते. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. येथे एक खुलासा आवश्यक आहे. एकदा लागलेला नंबर उन्हात बसल्याने उतरत नाही. ज्याला चश्मा लागला आहे त्याने तो नियमित वापरलाच पाहिजे. उजेडाचा उपयोग मुख्यतः चश्मा लागू न देण्यासाठी आहे.

आता हे दोन तास आणायचे कोठून? सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, आणि रात्री मोबाईल. केजसारख्या तालुक्याच्या गावातही आता चौथीच्या मुलाला विटीदांडू खेळायला सवड उरलेली नाही. रविवारी गल्लीत उतरावे तर मोटारसायकलींची वर्दळ. मूल दिवसाउजेडी सर्वांत जास्त वेळ जेथे असते ती जागा म्हणजे शाळा. तेव्हा उपाय शाळेतच शोधला पाहिजे. पी.टी.चा तास वाढवा असे मी म्हणत नाही. तो तास बहुधा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठीच खर्ची पडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे म्हणणे असे, की गणिताचाच एक तास बाहेर घ्या. मराठीचा घ्या, भूगोलाचा तर घ्याच.

यात नवे काही नाही. जर्मनीत बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ साली रानातील पहिली शाळा निघाली, ती अशक्त व क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, ऊन, सकस जेवण व विश्रांती एवढेच हाती होते. पण आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. तेथील मुले वारली समाजाची. बालवाडीत बोलावले तर येत नसत. मग ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, कोणाच्या तरी अंगणात. अंगण झाडायचे, मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. खडे, बिया, पाने, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य. या बालवाडीला ताराबाईंनी 'अंगणवाडी' हे नाव दिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना देशभर हेच नाव मिळाले. आज मूल वजन करायला, लस टोचायला जेथे जाते, त्या जागेचे नाव एका मराठी शिक्षिकेने अंगणावरून ठेवलेले आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

अंगणवाडी लहानग्यांची. मोठी मुले तर सकाळीच गुरांमागे रानात जात. ती शाळेत कशी येणार? तेव्हा कोसबाडला 'कुरणशाळा' निघाली. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जायचे. गुरांवर लक्ष ठेवता ठेवता शिकायचे. हजेरीपटावर नाव नाही म्हणून पालकांना दटावण्यापेक्षा हा मार्ग किती शहाणपणाचा! ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण कुरणशाळेचा धडा आपण फारसा गिरवला नाही.

आपल्या प्राथमिक शाळांत 'परिसर अभ्यास' नावाचा विषय अनेक वर्षे शिकवला जात आहे. तिसरीला तर जिल्ह्याचे वेगळे पुस्तक निघाले. आणि हा परिसर मुले पाठ करतात चार भिंतींत, घोकून! मांजरा प्रकल्पाचे धनेगाव धरण आपल्याच तालुक्यात. ते भरले की केजपासून लातूरपर्यंत लोकांचा जीव भांड्यात पडतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच धरण कोरडे पडल्यामुळे. पाणलोट, बाष्पीभवन, गाळ, दलघमी हे शब्द धरणाच्या भिंतीवर उभे राहून एकदा ऐकले तर वर्षभर विसरणार नाहीत. पण रोज सहल काढा असे सांगून मी शिक्षकांचा रोष ओढवून घेणार नाही. रोजचे बाहेरचे शिकणे शाळेच्या आवारातच होते. लिंबाची सावली दर सोमवारी त्याच वेळी टेपने मोजून भिंतीवर लिहायची. जूनपासून संक्रांतीपर्यंत तिची लांबी कशी बदलते हे पाहिलेल्या मुलाला सूर्याचे दक्षिणायन वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्या अक्षांशावर वर्षातून दोन दिवस भर दुपारी सावली पायाखाली येते. पहिला मेच्या मध्यावर, तेव्हा सुट्टी असते. दुसरा जुलैअखेर, तेव्हा ढग असतात. निसर्गाचीही शाळा खात्याशी बोलणी झालेली दिसत नाहीत. शेजारच्या विहिरीच्या मालकाची परवानगी घेऊन दरमहा पाण्याची पातळी मोजता येते. मात्र दोर सोडायचा तो शिक्षकाने, आणि मुले कठड्यापासून लांब. वाफ्याचे क्षेत्रफळ, ढिगातील ज्वारीचा अंदाज, एक चौरस मीटर आखून त्यातील रोपे मोजणे, अशा गोष्टींना पैसा लागत नाही.

येथे ऊसतोड कामगारांच्या मुलांविषयी लिहिणे भाग आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून हजारो जोड्या कारखान्यांकडे निघतात. काहींची लेकरे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही कोपीवर जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात तेव्हा वर्गात मागे पडलेली असतात. मास्तरांच्या लेखी 'कच्ची'. पण हीच मुले बैलाचे वय दातांवरून ओळखतात, मोळीचा अंदाज नजरेने घेतात, कोणता पाला गुरांना बाधतो ते सांगतात. तास बांधावर घेतला की वर्गातला शेवटच्या रांगेतला मुलगा पुढे येतो. त्याला पहिल्यांदा काहीतरी येत असते आणि इतरांना येत नसते. शाळा सोडण्याचे मूळ पुष्कळदा अपमानात असते, बुद्धीत नसते, असे माझे इतक्या वर्षांचे निरीक्षण आहे. मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. फडात उन्हातान्हात राबणारे मूल 'निसर्गाच्या सान्निध्यात' आहे असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. त्याला उजेड मिळतो, पण झोप, दूध व पुस्तक मिळत नाही.

उन्हाचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज दूर करतो. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळते असे घरोघरी सांगतात. प्रत्यक्षात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी लवकर फारच थोडे पोचतात. सूर्य वर आल्यावर, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान ते जास्त असतात, आणि काचेतून आत येत नाहीत. म्हणजे हिवाळ्यात अकराच्या सुमाराचा बाहेरचा तास हाडांसाठीही चांगला. सावळ्या त्वचेला वेळ थोडा अधिक लागतो. मार्चनंतर मात्र हे गणित बदलते. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाहेरचा तास सकाळी नऊच्या आत व सावलीतच घ्यावा. डोळ्यांसाठी सावलीतला उजेडही पुरतो, भर उन्हात बसण्याची गरज नाही. सूर्याकडे थेट कधीही पाहू देऊ नये. डोक्यावर टोपी किंवा रुमाल असावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पाजावे. मूल घाम येणे थांबून गुंगू लागले, बडबडू लागले, तर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व लगेच रुग्णालय गाठावे.

शिक्षकांची खरी अडचण वेगळी असते. "बाहेर नेलं आणि पोराला काही झालं तर?" ही भीती खोटी नाही. म्हणून आधी आवार पाहून घ्या. दगडांचे ढीग, जुन्या विटा, कौलांचा थप्पा म्हणजे विंचवाचे घर. ते मुलांकडून हलवू नयेत. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर तो हृदयावर परिणाम समजावा. महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातील. त्यांनी या दंशावर प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य मुले वाचली. पण ती द्यायची डॉक्टरांनी, वेळ न दवडता. साप चावला तर घट्ट आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, देवऋषीकडे जाऊ नये. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, मुलाला चालू देऊ नये, १०८ ला फोन करावा, आणि केजचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी जे जवळ असेल ते गाठावे.

सापाविंचवापेक्षा शाळांच्या कुंपणाला लावलेला मोगली एरंड मला अधिक खटकतो. त्याची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून मुले वाटून खातात, आणि काही वेळाने उलट्या-जुलाबांनी रांगेने आजारी पडतात. अशी झाडे आवारात असतील तर मुलांना ओळखून दाखवा, तो त्या दिवसाचा वनस्पतीशास्त्राचा पाठच होईल. बी खाल्ल्याचे कळताच त्रास होण्याची वाट न पाहता दवाखान्यात आणावे. धोतऱ्याचेही तेच. गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे, हातमोजे घालून, आणि मोठ्यांनीच. काही मुलांना त्याने अंगावर खाज येते व दमा उसळतो. ज्या मुलाला दमा आहे त्याचा पंप दप्तरात असावा. बाहेरून आल्यावर साबणाने हात धुणे आणि पायात चप्पल असणे हे जंताच्या गोळीइतकेच महत्त्वाचे आहे.

पालकांनी शाळेला विचारावे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी व जिल्हा परिषद शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण बैठकीत बहुधा सह्या तेवढ्या होतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची तरतूद आहे. वर्षाला दहा दिवसांनी डोळे वाचत नाहीत, त्याला रोजचा तास लागतो, तरी सुरुवात म्हणून तो आधार घेता येईल.

मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, टीव्हीच्या जवळ जाऊन बसत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, किंवा वारंवार डोके दुखत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांची मोफत तपासणी करते. ज्या दिवशी ते येणार असेल त्या दिवशी लेकराला लग्नाला, बाजाराला नेऊ नका.