परत वळलेला एक जण

आजचा शास्त्रपाठ : लूक १७:११-१९



आधी हा भाग तुमच्या बायबलमधून एकदा वाचून घ्या. गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून माहीत आहे. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर दहा कुष्ठरोगी येशूला भेटतात. ते दूर उभे राहूनच हाक मारतात, कारण जवळ यायची त्यांना मुभा नाही. येशू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगतो. वाटेत दहाही जण शुद्ध होतात. परत मात्र एकच येतो, आणि तोही शोमरोनी.

उरलेल्या नऊ जणांना आपण लगेच कृतघ्न म्हणून मोकळे होतो. पण नीट बघा. ते तर येशूने सांगितलेलंच करत होते. लेवीय १४ प्रमाणे याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय त्यांना आपल्या माणसांत जाता येणार नव्हतं. आणि ते आनंदात नसतील का? घर, बायको-मुलं, गावाची वाट, सगळं परत मिळणार होतं! आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर काम झालं, तिकीट क्लोज. आज्ञापालन होतं, आनंदही होता. नव्हतं ते फक्त परत वळणं.

इथेच आजचा धडा आहे. बरं वाटणं म्हणजे उपकारस्तुती नव्हे. उपकारस्तुती म्हणजे देणाऱ्याकडे परत जाणं. सुरुवातीला दहाही जण दूर उभे होते. ते अंतर एकाच माणसाने संपवलं. तो थेट येशूच्या पायाशी आला. त्याला येशू जे म्हणतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये नुसतं शुद्ध होण्याचं क्रियापद नाही, तारण पावण्याचं आहे. म्हणजे त्वचा दहा जणांची बरी झाली, पण हे वचन एकानेच ऐकलं.

आपल्यापैकी बरेच जण रोज रात्री डायरीत किंवा अ‍ॅपमध्ये चांगल्या गोष्टींची यादी करतात. छान सवय आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी यादी करणारे लोक आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग मांडला : ज्याचे आभार नीट मानायचे राहिले, त्याला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. त्या लोकांचा आनंद बराच वाढला आणि साधारण महिनाभर टिकला. पुढे तो ओसरला. म्हणजे परत वळणं एकदाच करून भागत नाही, करत राहावं लागतं.

पण दिवस वाईट असले तर? आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, धानाचा मुलूख. काही वर्षांपूर्वी ऐन कापणीत पाऊस आला. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच भिजल्या, लोंब्यांना कोंब फुटले. वर्षाची मेहनत डोळ्यांसमोर सडत होती. त्या रविवारी चर्चमध्ये कुणीतरी बाबांना म्हणालं, "यासाठीही देवाचे आभार माना." बाबा काहीच बोलले नाहीत. पण संध्याकाळी ते, भर पावसात कडपा उचलू लागलेल्या प्रत्येकाच्या घरी गेले. पूर्ण मजुरी दिली, आणि शेजारी मजुरी घेईनात म्हणून त्यांच्याकडे नुसते हात जोडून आले. मी फोनवर विचारलं, एवढं नुकसान झालंय, पैसे थोडे थांबून दिले असते तर? ते म्हणाले, "धान गेला रे, पण माणसं आली होती ना!"

१ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मला त्या दिवशी नीट कळलं. पौल प्रत्येक परिस्थितीत आभार मानायला सांगतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल नाही. सडलेल्या धानाला चांगलं म्हणायची गरज नाही. रडा, देवाकडे तक्रार करा, स्तोत्रकर्तेही करतात. फक्त त्या पावसात जो हात पुढे आला, तो विसरू नका.

आणि उपकार करणारा पुन्हा भेटणारच नसेल तर? आमच्या जिल्ह्यातून, भंडारा रोड आणि तुमसर रोडवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाशी जोडलेली एक गोष्ट आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय मिशनरी भेटले, गप्पा झाल्या, आणि त्यांनी टिळकांच्या हाती बायबल दिलं. काही तासांची भेट! १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. लक्ष्मीबाईंपासून काही वर्षं दूर राहावं लागलं. पण त्या डब्यात मिळालेलं त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही. त्यांची गीतं मराठी मंडळ्या आजही गातात. देणाऱ्यापर्यंत पोचता येत नसेल, तर मिळालेलं पुढच्या माणसापर्यंत पोचवणं हीसुद्धा उपकारस्तुतीच.

आज एवढं करा :

१. एकच नाव लिहा. "सगळ्यांचे आभार" नको.
२. त्या व्यक्तीने नेमकं काय केलं, ते एका वाक्यात लिहा.
३. झोपण्याआधी फोन करा किंवा भेटा. हात जोडलेला इमोजी चालणार नाही!
४. ती व्यक्ती हयात नसेल, तर तिने तुमच्यासाठी केलं ते आज दुसऱ्या कुणासाठी करा.

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्याकडे मागायला आम्ही लांबूनही हाक मारतो, पण मिळालं की आपल्या वाटेने निघून जातो. आज आमची पावलं वळव. ज्यांच्या हातून तू दिलंस, त्यांच्या दारापर्यंत आम्हाला ने. ज्यांचं पीक, नोकरी किंवा जवळचं माणूस गेलं आहे, त्यांच्याजवळ तू राहा, आणि आम्हालाही त्यांच्याकडे पाठव. येशूच्या नावात मागतो. आमेन.