कांद्याला नाव ठेवू नका, मालक

"तुमचा कांदाच पाणचट हाय, त्याला मी काय करू?" दुकानदार म्हणाला. सोलापूरच्या माणसाला कांद्यावरून ऐकवतोय! फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पदरात 512 किलो कांद्याचे 2 रुपये पडले होते. तेव्हापासून भाव पडला की माझे हात शिवशिवतात. यंदा घरची चिंगळी, म्हणजे बारीक कांदा, कुणी घेईना, म्हणून ती व्हिनेगरमध्ये मुरवून मेव्हण्याच्या ढाब्यावर द्यायची ठरवली. बावीस बरण्या भरल्या.

व्हिनेगर सुट्टं आणलं, कॅनमध्ये ओतून दिलेलं. स्वस्त होतं, हे कबूल करतो. पण मी काही भोळा नाही. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या रंगाई खात्यात आयुष्य गेलं, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड रोज हाताळतो. खिशातली पीएच पट्टी दुकानातच बुडवली. लाल झाली, मी मान डोलावली.

सहाव्या दिवशी मेव्हण्याचा फोन. "दाजी, झाकण उघडलं की फस्स करतंय." सेकंड शिफ्ट सोडून गेलो. पाणी गढूळ, कडेला बुडबुड्यांची माळ, कांदा बोटाने दाबला तर आतला गाभा सुळकन बाहेर. वास ताडीसारखा. पट्टी बुडवली, तर या वेळी ती नारिंगीवरच थांबली, साडेचारच्या पुढेमागे.

कॅनमध्ये उरलेलं लॅबमधल्या पोराकडे दिलं. त्याने 10 मिली घेतलं, फिनॉल्फ्थॅलीन टाकलं आणि डेसिनॉर्मल कॉस्टिक सोडायला लागला. नियमाप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लागतं. तेवढं असतं तर 50 मिलीची ब्युरेट संपून दुसऱ्यांदा भरावी लागली असती. इथे पाच मिलीतच गुलाबी! म्हणजे 0.3 टक्के. पट्टी मात्र पातळ अ‍ॅसिडलाही लालच दाखवते. मी रोज तिच्यावर रंग पास करतो आणि एवढं विसरलो.

हे सगळं दुकानदाराला सांगितलं. तो गिऱ्हाइकाची साखर मोजत राहिला. वर म्हणे, "बाकीचे नेतात की, कुणी बोलत नाही."

तर ज्यांना करायचंय त्यांनी सीलबंद बाटली घ्या, लेबलवर टक्का वाचा, पाच असेल तर उत्तम. 'सिंथेटिक' लिहिलेलं असलं तरी खाण्यासाठीचं असेल तर चालतं. पाणी घालू नका, कांदाच आपलं पाणी सोडतो. म्हणून चिंगळी सोलून आधी रात्रभर खडे मिठात ठेवा, सकाळी निथळा. सोलताना उकळतं पाणी मिनिटभर ओतून लगेच गार पाण्यात टाका, सालं सुटतात. मुळाकडचा भाग थोडा राहू द्या, नाहीतर पाकळ्या सुट्या होतात. दुकानदाराचं एक खरं होतं (जिवावर येतंय लिहायला): पाणचट हिवाळी लाल कांदा यासाठी नकोच, उन्हाळी घ्या. व्हिनेगर स्टीलच्या भांड्यात उकळा, अ‍ॅल्युमिनियममध्ये नको. बरणी काचेची, कांदा पूर्ण बुडालेला. झाकणाच्या पत्र्याला आतून लेप हवा, नसेल तर गंजतं. तीन आठवडे थांबा. स्वच्छता वगैरे सगळे सांगतातच.

आमच्या खात्यातला एक जण म्हणाला, "कशाला विकत घेता, खात्यातल्या कॅरबॉयमधलं अ‍ॅसिड घ्या, पाणी मारा." अजिबात नको. ते कापडासाठीचं आहे, खाण्यासाठी तपासलेलं नाही.

पीएच 4.6 च्या वर गेलेली बंद बरणी चाखूनही बघू नये, बोटुलिझमचं विष वासावरून कळत नाही. मी बावीसच्या बावीस ओतल्या. मेव्हणा म्हणत होता, "दाजी, वरचे चार काढून टाकू, खालचे चांगलेत." त्याचं हॉटेल, त्याचं गिऱ्हाईक, तरी हे सुचतं!

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. कॅन तेवढा परत मागतोय, डिपॉझिटचा आहे म्हणे.