आधी नवऱ्याचा रिपोर्ट

आमच्या सगळ्या तपासण्यांमधली सर्वांत स्वस्त तपासणी सर्वांत शेवटी झाली. ना सुई, ना भूल, रिपोर्टही त्याच दिवशी. ती नवऱ्याची होती. तोवर माझी फाइल जाडजूड झालेली. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून लेट्रोझोलच्या गोळ्या, मग दिवसाआड फॉलिकल स्टडी, म्हणजे स्त्रीबीज किती वाढलं हे बघायची सोनोग्राफी, आणि शेवटी गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्याच्या कळा आठवल्या की अजून पोटात गोळा येतो. नलिका मोकळ्या होत्या. बीज वेळेवर फुटत होतं. डॉक्टर म्हणायच्या, "टेन्शन घेऊ नका, पुढच्या महिन्यात बघू." नवरा खाली गाडीपाशी थांबलेला असायचा. त्याला कुणी वर बोलावलं नाही.

मूल राहत नाही तेव्हा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत. हे डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात आहे, तरी पहिली चिठ्ठी बायकोच्याच नावाची निघते. म्हणून माझं एकच सांगणं आहे: पहिल्या भेटीला दोघांनी जा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी वीर्यतपासणीची चिठ्ठी मागून घ्या. त्याआधी गोळ्या सुरू करू नका.

कधी जायचं? बाईचं वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, ३५ झाली असेल तर सहा महिन्यांनी, चाळिशीत असाल तर लगेच. पण पाळी अनियमित असेल, पाळीत उठवत नाही इतकं दुखत असेल, कधी टीबी झाला असेल, किंवा नवऱ्याचं लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचं ऑपरेशन झालं असेल, तर हे महिने मोजत बसू नका. टीबीचं मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे तो बरेचदा असतो आणि त्याची लक्षणं दिसतीलच असं नाही.

वीर्यतपासणीच्या आधी दोन ते सात दिवस संबंध नसावा. नमुना पूर्ण हवा. सुरुवातीचा भाग सांडला तर लॅबला तसं सांगावं, कारण शुक्राणू त्यातच जास्त असतात. लॅबमध्ये जमत नसेल तर घरून नेता येतो, पण तासाभरात आणि अंगाच्या उबेला धरून. साधा कंडोम वापरायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे, पण तिच्या वर पास आणि खाली नापास असं नसतं. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. आकडा कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. गुटखा, सिगारेट सोडायला हवं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिममध्ये पिळदार दंडांसाठी टोचून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणंच थांबवू शकतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

नवऱ्याचे दोन्ही रिपोर्ट कमी आले. मग यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी नवऱ्याला उभं करून हाताने तपासलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, अंडकोषाच्या शिरा फुगल्या आहेत, व्हेरिकोसील. ऑपरेशन होतं, पण त्याचा गुण दिसायला तीन ते सहा महिने, आणि नंतर नैसर्गिक प्रयत्नांचा काळ वेगळा. तेहतिसाव्या वर्षी हे कळलं असतं तर आम्ही ते करून वाट पाहिली असती. मी छत्तिशीत होते. माझं वय धरून हिशेब मांडला तेव्हा डॉक्टरांनी सरळ इक्सी सुचवलं, म्हणजे आयव्हीएफच, फक्त एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडायचा. पहिली खेप फुकट गेली, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. नवऱ्याच्या शिरा अजून तशाच आहेत.

बाईच्या बाजूच्या तपासण्या लागतातच, पण साध्या आधी: थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, थॅलेसेमियासाठी एचबीएटू, रुबेलाची प्रतिकारशक्ती. रुबेलाची लस घ्यावी लागली तर महिनाभर थांबावं लागतं, म्हणून ती आधीच उरकावी. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून. एएमएचचा आकडा बघून मी दोन रात्री झोपले नव्हते. तो आकडा स्त्रीबीजांचा साठा सांगतो, दर्जा सांगत नाही. दर्जा वयावर जातो. कमी एएमएच असूनही दिवस राहतात. मोबाइलमधल्या अ‍ॅपवरही फार विसंबू नका. बीज फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे चौतीस दिवसांची पाळी असेल तर विसाव्या दिवसाच्या आसपास. त्याआधीचा आठवडाभर दिवसाआड संबंध ठेवले की पुरे. उशा, पाय भिंतीला, हे सगळं मावशीकाकूंच्या समाधानासाठी.

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या चमूच्या हातून १९८६ साली आयव्हीएफने मूल जन्मलं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तरी आमच्या सासूबाई अजून 'टेस्ट ट्यूब' हा शब्द दार लोटून उच्चारतात. असो. आयव्हीएफचं केंद्र निवडताना सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याखालचं नोंदणीपत्र मागा. "यश किती?" असं मोघम विचारू नका. माझ्या वयाच्या बायकांमध्ये, सुरू केलेल्या दर शंभर खेपांमागे किती बाळं घरी गेली, असं विचारा. काही केंद्रं पॉझिटिव्ह आलेल्या रक्ततपासणीलाच यश म्हणतात.

किती खेपा आणि किती पैसे, हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी दोघांनी बसून ठरवा. हार्मोन्सच्या भरात आणि नापास रिपोर्ट हातात असताना ते ठरत नाही. दत्तकाचा विचार मनात असेल तर तोही तेव्हाच बोला. 'कारा'कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी करताना दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, आणि ती बेरीज दर वर्षी दोनने वाढते.