शाळांचं जाळं: आपल्या गावची शाळा आली कुठून?

चौथी-पाचवीच्या मुलांना हा विषय शिकवायचा तर पुस्तकाआधी शाळेचं दाखलखारीज रजिस्टर उघडा. पहिलं नाव कोणत्या सालचं, पहिली मुलगी कधी दाखल झाली, ते मुलांनाच शोधू द्या. काही जुन्या इमारतींवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ असं नाव अजून दिसतं. ती १९३७ च्या वर्धा योजनेची, मूलोद्योग शिक्षणाची खूण. टकळी गेली, पाटी राहिली!

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. ऐंशीच्या दशकाअखेर खडू-फळा मोहीम आली: किमान दोन खोल्या, दोन शिक्षक. पुढे वाड्या-पाड्यांवर वस्तीशाळा निघाल्या; नंतर त्यांच्याच नियमित शाळा झाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आपल्या राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत.

म्हणजे शाळा मुलाकडे चालत आली. आता मुलाने शाळेकडे जायचं, असं सुरू झालंय. जन्म कमी झाले, कुटुंबं शहरात गेली, इंग्रजी माध्यमाची गाडी दारात येते, पट घसरतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. त्यामागचं कारण खोटं नाही. एकाच गुरुजींनी चार वर्ग सांभाळायचे आणि वर माहितीचे तक्ते भरायचे, यात शिकवणं किती होतं ते आपल्याला ठाऊक आहे. सोबतीला वर्गमित्रही हवेतच.

पण नकाशावरचं अंतर आणि पावसाळ्यातलं अंतर एक नसतं. पेठ, सुरगाणा, इगतपुरीत मध्ये ओहोळ असतो. २०२२ मध्ये इगतपुरीतल्या दरेवाडीच्या धरणग्रस्त वस्तीवरची शाळा बंद झाली, तेव्हा मुलं पालकांसह नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. दप्तरं परत घ्या आणि वळायला बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी होती. शाळा सुटली की पोरं कुठे जातात, हे त्यांनी आपल्यापेक्षा नेमकं सांगितलं. मुली तर आधी घरी बसतात.

म्हणून वर्गात एक नकाशा काढून घ्या. प्रत्येकाचं घर, शाळा, मधला ओढा, रस्ता, आणि चालायला लागणारी मिनिटं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तो नकाशा टेबलावर ठेवा आणि इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्या.